'सावड' खेळलेला मोबाईल

मी एक जुना मोबाईल आहे. मित्रांनो, माझ्या काचेला कोपऱ्यातून तडा गेला आहे, पाठीचं झाकण रबराने बांधलेलं आहे आणि आतली बॅटरी फुगल्यामुळे मला पोट सुटलं आहे. टेबलावर ठेवलं की मी डुगडुगतो. माझ्यासारख्याला लोक ड्रॉवरमध्ये टाकून विसरतात, नाहीतर मोडीत काढतात. गोड गोष्ट ऐकायची असेल तर तुम्ही एखाद्या शाळेच्या घंटेकडे किंवा वडाच्या झाडाकडे जा. त्यांना चांगलं बोलायची सवय असते. मला ती नाही, आणि आता लागणारही नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आईबापाचं विचारू नका. आम्हा मोबाईलांना पट्ट्यावर जन्म आणि खोक्यात बालपण. नगरच्या बसस्टँडजवळच्या एका दुकानातून कॉलेजच्या एका पोराने मला नेलं, वर्षभर माझ्यावर जीव ओवाळून टाकला, आणि नवीन मॉडेल आल्याबरोबर मला त्याच दुकानात आणून आपटलं. तिथे धुळीत पडलो असताना धनश्रीने मला उचललं. दुकानदार म्हणाला, "ताई, तो नका घेऊ. लई रडतो तो, काही उघडायला बसला की."

"मला रडकाच पाहिजे," ती म्हणाली.

त्याचं कारण असं. धनश्री नगरात, सावेडीत, गेम बनवणाऱ्या एका नव्या कंपनीत कामाला होती. कंपनी म्हणजे पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या. जिन्यावर इंग्रजी नावाची पाटी होती, पण खालचे गिरणीवाले बन्सीकाका त्यांना 'वरची गेमची पोरं' म्हणत. खाली गिरणी सुरू झाली की वर सगळे संगणक थरथरायचे आणि दुपारपर्यंत त्यांच्यावर पिठाचा पातळ थर चढायचा. तिथे मोबाईल चिक्कार होते, सगळे नवे, चकचकीत. त्यांच्यावर कुठलाही खेळ लोण्यासारखा चालायचा. पण गावाकडे असे मोबाईल कुणाकडे असतात? म्हणून प्रत्येक नवी गोष्ट आधी माझ्यावर चालवून बघायची. माझ्यावर चालली तर महाराष्ट्रात कुठेही चालेल, असा हिशोब होता.

म्हणजे माझी लायकी माझ्या नालायकीत होती. पदरी पडलं आणि पवित्र झालं. मी अडकलो की प्रोग्रॅम लिहिणारा ओम कपाळावर हात मारून मला 'डबडं' म्हणायचा. धनश्री मात्र मला पुसून म्हणायची, "ह्याला शिव्या देऊ नको. हा खरं बोलतो." आयुष्यात माझं कौतुक झालं ते एवढंच. मी ते अजून जपून ठेवलं आहे.

धनश्री अकोले तालुक्यातली, भंडारदऱ्याच्या रस्त्यावरच्या एका डोंगरातल्या वस्तीवरची. वडील नव्हते. आई चांगुणाबाई एकटी भाताची खाचरं करायची. भाताची रोपं उपटून खाचराच्या चिखलात लावायची, त्याला तिकडे आवणी म्हणतात. रोप वेळेत लावलं नाही तर जून होतं, आणि खाचरातलं पाणी कुणासाठी थांबत नाही. एका घराच्या हातांना ते उरकत नाही. म्हणून तिकडे सावड असते. आज सगळ्या बाया तुझ्या खाचरात, उद्या माझ्या, परवा तिसरीच्या. मजुरी नाही, लिखापढी नाही. पाळी आली की यायचं.

यावरूनच धनश्रीने खेळ रचला होता. त्याचं नावही 'सावड'. खेळणाऱ्या प्रत्येकाचं एक छोटं खाचर. एकट्याने ते लावून होतच नाही, तसं गणितच तिने बसवलं होतं. मग दुसऱ्यांना बोलवायचं, आपणही त्यांच्याकडे जायचं. सगळे चिखलात उतरले की प्रत्येकाचा आवाज सुरू व्हायचा आणि हात चालता चालता गप्पा मारता यायच्या. जिंकणं नाही, हरणं नाही. गाव करी ते राव न करी, एवढंच त्या खेळाचं म्हणणं.

मित्रांनो, माझ्या तुटक्या काचेवर मी ते पाहिलं आहे. मिरजगावला दिलेली एक बहीण आणि काष्टीला दिलेली दुसरी, दुपारची भांडी झाली की खेळात एकमेकींच्या बांधावर यायच्या. दोन रोपं लावायच्या आणि मग सासूची उणीदुणी काढत बसायच्या. ऊसतोडीला गेलेला एक बाप पाचटाच्या कोपीत बसून गावातल्या लेकीच्या खाचरात चिखल करायचा. त्याला खेळाचं काही कळत नव्हतं, लेकीचा आवाज ऐकायचा होता. हे सगळं माझ्या पोटातून जायचं तेव्हा माझी बॅटरी तापायची, पण मला त्याचं काही वाटायचं नाही.

वाटायचं ते अमृतला. अमृत कंपनीचा मालक. काष्टीचा, बैलाचे दात बघून वय सांगणाऱ्या घरातला. माणूस वाईट नव्हता. पोरांना स्वतःच्या डब्यातली भाकरी वाढायचा. पण पुण्याच्या ज्या साहेबांनी त्याच्या कंपनीला पैशाचा आधार दिला होता ते दर आठवड्याला एकच प्रश्न विचारायचे, की लोक रोज परत का येत नाहीत?

"लोक येतात, बोलतात आणि जातात," अमृत एकदा वैतागून म्हणाला. "धनश्री, ह्याला गेम म्हणत नाहीत. ह्याला फोन म्हणतात."

"मग काय वाईट आहे?"

"वाईट काही नाही. कंपनी बंद होईल, एवढंच. गावात पारावर माणसं का थांबतात, सांग बरं? कुणाचं तरी काहीतरी बघायला मिळतं म्हणून. आपल्या खेळात बघण्यासारखं काय आहे?"

त्या दिवशी जेवताना विषय निघाला आणि धनश्रीने आजीच्या वेळची एक गोष्ट सांगितली. त्यांच्या वस्तीवर एका घराला वाळीत टाकलं होतं. कुणी विस्तव द्यायचा नाही, कुणी बोलायचं नाही, पाणवठ्यावर ती बाई आली की बाकीच्यांनी घागरी उचलायच्या. सांगताना धनश्रीच्या अंगावर काटा आला होता. अमृतचा घास मात्र हातातच राहिला.

"हेच," तो म्हणाला. "हेच पाहिजे आपल्याला!"

धनश्री खूप भांडली. आजकाल हे कायद्यानं गुन्हा आहे, म्हणाली. अमृत म्हणाला, खेळात तर खूनही करतात. तू नाही केलंस तर ओम करेल, आणि त्याला गावातलं काही कळत नाही. या शेवटच्या वाक्याने ती अडकली. तिला वाटलं, आपण केलं तर आपल्या हाताने मऊ करू. शहाणी माणसं बहुतेक वेळा इथेच फसतात, असं माझं मत आहे. मोबाईलचं मत कोण विचारतं म्हणा.

तिने ते मऊ केलं. पाच जणांनी मिळून बटण दाबलं की सहावा वाळीत. त्याचं चित्र राखाडी व्हायचं आणि खाचरातून निघून झाडाखाली जाऊन बसायचं. पण परत आणायला पाच जण लागणार नाहीत, फक्त एक. कुणीही एकाने 'हाक मारा' या बटणावर बोट ठेवलं की तो माणूस उठून पुन्हा चिखलात. "टाकायला पाच, उचलायला एक," ती ओमला म्हणाली. "गाव कितीही वाईट असलं तरी एक जण असतोच रे." तिचा यावर खरंच विश्वास होता.

अमृतने त्यात दोन गोष्टी घातल्या. वाळीत असलेल्याचा आवाज बंद. आणि टाकणाऱ्यांच्या डोक्यावर तुरा. तो माणूस जितके दिवस झाडाखाली, तितका तुरा मोठा. जो हाक मारेल त्याचा स्वतःचा तुरा गळून पडेल. धनश्रीने तुऱ्याचं चित्र काढून दिलं. चांगलं काढलं होतं, मोराच्या पिसाचं.

आता एवढं सगळं बनवल्यावर ते खऱ्या गावात चालतं का हे बघायला हवं होतं. परकं गाव कोण देणार? धनश्री म्हणाली, माझी वस्ती आहे की. लेक नगरात मोठं काम करते, तिचा खेळ खेळायचा, या कौतुकाने बाया तयार झाल्या. ज्याचं जे खाचर खरं, तेच खेळात. ज्याचं जे नाव, तेच. आणि मला तिने आईच्या हातात दिलं.

अशा रीतीने पिठाच्या खोलीतून मी धुराच्या घरात आलो. चांगुणाबाईंनी मला भिंतीतल्या देवळीत ठेवलं आणि माझ्यावर फडकं टाकलं, धूळ बसू नये म्हणून. संध्याकाळी चुलीपुढे बसून त्या खेळायच्या. एका बोटाने, शेण थापल्यासारखा जोर देऊन. शेजारची बायडाबाई तिच्या घरातून, तिचा मुलगा अंगद चावडीवरून, बाकीच्या आपापल्या ओसरीवरून. "आगं चांगुणे, तुझी रोपं वाकडी लागली बघ," बायडाबाई ओरडायची, आणि भिंतीपलीकडून आणि माझ्यातून असा तिचा आवाज दोनदा यायचा. सगळ्या खदखदून हसायच्या. पहिले काही दिवस तर अंगदच्या मित्रांनी गंमत म्हणून एकमेकांना वाळीत टाकलं आणि लगेच हाकाही मारल्या. तुरे लहान होते तोवर ते टाकून द्यायला कुणाचं काही जात नव्हतं.

मग आषाढ लागला. वादळाने तारा तुटल्या आणि वस्तीवरची लाईट गेली. अंगदने चावडीवरच्या पोरांचे मोबाईल आणि आईचाही मोबाईल मोटारसायकलवरून खालच्या गावात नेऊन चार्ज करून आणले. माझी आठवण कुणाला झाली नाही. त्या संध्याकाळी खेळात बायडाबाईच्या खाचराची पाळी होती, आणि मी देवळीत मेल्यासारखा पडलो होतो. चांगुणाबाईंनी मला हलवून पाहिलं, पदराने पुसलं, चुलीजवळ ऊबही दिली, बिचाऱ्यांनी. खेळात त्या गेल्या नाहीत. बायडाबाईचं चित्रातलं रोप चित्रातल्या पाण्यावर पिवळं पडलं.

लाईट आली, मी जागा झालो आणि पाहिलं तर चांगुणाबाई झाडाखाली राखाडी होऊन बसलेल्या. अंगद आणि चार पोरांच्या डोक्यावर तुरे.

त्या भिंतीजवळ जाऊन ओरडल्या, "बायडे, लाईट न्हवती गं! डबडं बंद पडलं हुतं."

"आमचं कसं चाललं मंग?" पलीकडून आवाज आला. त्यात हसू होतं, पण थोडं कमी.

दोन दिवसांनी पाणवठ्यावर तेही उरलं नव्हतं. चांगुणाबाई मला कमरेला खोचून गेल्या होत्या, म्हणून मी ऐकलं. "खेळात जी येत न्हाई ती खऱ्यात काय येनार?" बायडाबाई दुसरीला म्हणाली, ऐकू जाईल अशा बेताने. खरं तर चांगुणाबाई त्या हंगामात बाकी सगळ्यांच्या खऱ्या खाचरांत राबून आल्या होत्या. त्यांची स्वतःची पाळी तेवढी बाकी होती, आणि तिच्यानंतर बायडाबाईची. पण तुरे वाढत होते. पोरं चावडीवर ते एकमेकांना दाखवत होती. दुसऱ्या वाड्यांवरची माणसं खेळात येऊन झाडाखालच्या बाईला बघून जात होती. अमृत म्हणाला होता तसं, आता बघण्यासारखं काहीतरी होतं.

एका दुपारी खेळात पिवळ्या ओढणीचं चित्र बांधावर आलं. ती धनश्री. चांगुणाबाईंचा चेहरा असा उजळला की माझ्या काचेत मला तो दिसला.

"आली बघ माझी धनी!" त्या मला म्हणाल्या. "धने, आगं मार की हाक. लई दिस झालं बसून."

मी त्यांचा आवाज घेतला आणि पुढे पाठवला नाही. वाळीत पडलेल्याचा आवाज पाठवायचा नाही, असं मला शिकवलेलं होतं. पिवळी ओढणी झाडाजवळ आली. तिथे थोडा वेळ उभी राहिली. मग वळली आणि गेली.

चांगुणाबाईंनी मला परत देवळीत ठेवलं. मग म्हणाल्या, "आल्ती. उभी ऱ्हायली. गेली." आणि त्यांनी माझ्यावर फडकं टाकलं.

त्यांच्या पाळीचा दिवस आला. त्यांनी पहाटेच भाकऱ्या थापल्या, पिठलं केलं, चहाचं पातेलं बांधावर नेलं. रोपांच्या जुड्या खाचरात टाकून ठेवल्या आणि वाट पाहत उभ्या राहिल्या. मी प्लॅस्टिकच्या पिशवीत त्यांच्या कनवटीला होतो. पाऊस भुरभुरत होता. रस्त्याने बाया गेल्या, डोक्यावर पानांची इरली घेऊन. एकीने थांबल्यासारखं केलं, दुसरीकडे पाहिलं, आणि दोघी चालू लागल्या. त्यांच्या मनात काही वैर होतं असं मी म्हणणार नाही. प्रत्येकीला वाटत होतं, आधी दुसरीने खाचरात पाय घालावा, मग आपण घालू. पहिली होऊन बायडाबाईचे बोल कोण ऐकणार? खेळात पाच जणांनी तरी बटण दाबलं होतं. इथे कुणीच काही दाबलं नाही, आणि चांगुणाबाई एकट्या राहिल्या. दुपारी त्यांनी चहा बांधावर ओतून टाकला.

त्यांनी लेकीला फोन लावला तो तेव्हा. रडल्या नाहीत. "रोप जून व्हाया लागलं," एवढंच म्हणाल्या.

धनश्री दुसऱ्या दिवशी एसटीने अकोल्याला आणि तिथून जीपने वर आली. मायलेकी चिखलात उतरल्या. पण दोघींचे चार हात, आणि धनश्रीच्या हातांची सवय गेलेली. वाकून वाकून तिची कंबर धरली. तिने बांधावर येऊन माझ्यावरूनच अमृतला फोन लावला.

"अमृत, ते बटण काढ. आजच काढ. इथं खरंच घडतंय."

"मला माहीत आहे वाईट वाटत असेल तुला," अमृत म्हणाला. त्याचा आवाज थकलेला होता, खोटा नव्हता. "पण पुण्याच्या साहेबांनी तेच पाहून होकार दिला. लोक दिवसातून दहादा उघडतात, कोण वाळीत पडलं बघायला. बाकीचं सगळं काढलं तरी चालेल, असं म्हणतात ते. आता तोच गेम आहे, धनश्री."

चिखलाच्या हाताने तिने मला बंद केलं, त्याचा डाग माझ्या काचेच्या तड्यात अजून आहे.

खाचरांचा वरचा तुकडा लागला. खालचे दोन तसेच राहिले. तिथलं पाणी हटलं आणि जुड्या तिथेच पिवळ्या पडल्या. वर्षाचा निम्मा भात गेला. नंतर बायडाबाईची पाळी आली, आणि त्या दिवशी चांगुणाबाईंनी पदर खोचला आणि निघाल्या.

"आई, तू कशाला जातेस?" धनश्री कळवळून म्हणाली. "ती आली का तुझ्याकडं?"

"न जाऊन करू काय? तू जाशील नगरला. मला ह्या बायांतच ऱ्हायचंय." त्यांच्या आवाजात माया नव्हती, मोठेपणा नव्हता. फक्त नाइलाज होता. दिवसभर त्या बायडाबाईच्या खाचरात ओळीच्या कडेला वाकून राबल्या. कुणी त्यांच्याशी बोललं नाही. चहा सगळ्यांना दिल्यावर मिळाला.

संध्याकाळी त्या पाय धुऊन ओसरीवर टेकल्या, तेव्हा धनश्री मला घेऊन त्यांच्यापुढे बसली.

"आई, त्या दिवशी मी आले होते खेळात. पुण्याचे साहेब माझ्या पाठीमागं उभे होते, मोठ्या पडद्यावर बघत होते. त्यांनी विचारलं, ही बाई कोण? मी म्हटलं, आहे एक खेळणारी. मला वाटलं खेळ तर आहे, नंतर मारू हाक."

मग धनश्रीने माझ्यात आपलं नाव घातलं, पिवळ्या ओढणीला झाडाजवळ नेलं आणि 'हाक मारा' वर बोट ठेवलं. राखाडी बाईला रंग चढला. ती उठली, पदर खोचला आणि नाचत खाचराकडे निघाली. हलग्या वाजल्या. माझ्या फाटक्या स्पीकरमधून त्या फारच मोठ्याने वाजल्या.

"बघ आई, उठलीस तू," धनश्री म्हणाली, आणि रडायला लागली.

चांगुणाबाईंनी पडद्याकडे पाहिलं. मग ओसरीवरून दिसणाऱ्या खालच्या दोन उघड्या खाचरांकडे पाहिलं.

"आता बोलिवतीस व्हय?" त्या म्हणाल्या. "आवनी सरली गं."

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही वस्तूंनी तुमच्याकडे आपली निगा मागायची असते. मला निगा नको. काच बदलू नका, बॅटरी बदलू नका. आता हा खेळ माझ्यावाचून नव्या मोबाईलांवर गावोगाव चालतो आहे, आणि झोकात चालतो आहे. माझं मागणं वेगळं आहे. चार जण पाठ फिरवून उभे असतील आणि पाचवा एकटा बसलेला असेल, तेव्हा तुमच्या मागे कोण उभं आहे ते बघत बसू नका. तोंड उघडा आणि त्याला नावाने हाक मारा. फक्त एवढं करा, की खाचरात पाणी आहे तोवर मारा.